बियर पाँगचं टेबल घरी करायचं तर

बियर पाँग म्हणजे टेबलाच्या दोन्ही टोकांना कप मांडून, समोरच्याच्या कपांत टेबल टेनिसचा चेंडू टाकायचा पार्टीतला खेळ. प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत टाउनहाऊसमध्ये राहणारे तुम्ही चौघं. मेमोरियल डेच्या वीकएंडला घरामागच्या अंगणात पार्टी आहे आणि त्यासाठी बियर पाँगचं टेबल स्वतः करायचं आहे. एरवी ते तळघरात उभं ठेवायचं, म्हणून घडी व्हायला हवं. हाताशी ड्रिल आणि टेप आहे, गाडी सेडान आहे, बजेट २०० डॉलर. वर विचारलंय : कोणतं लाकूड घेऊ, पाय कसे करू, ईपॉक्सी (दोन भाग मिसळून ओतायची, वाळून काचेसारखी होणारी राळ) ओतू का, कपांसाठी भोकं पाडू का आणि कडेने एलईडी लावू का.

मी गॅरेजमध्ये हौसेने फर्निचर करते आणि ओळखीच्या मुलांसाठी असली टेबलं बरीच केली आहेत. प्रश्नात वरच्या नटण्यामुरडण्याबद्दल चार ओळी आहेत आणि कडांबद्दल एकही नाही. पण असं टेबल वर्षभरात निकामी होतं ते दोनच कारणांनी. एक, कडेतून पाणी आत शिरतं आणि प्लाय फुगतो. दोन, पाय सैल होतात. पैसा आणि मेहनत आधी या दोन ठिकाणी घाला. चित्रं आणि दिवे उरलेल्या पैशात.

माप

८ फूट लांब, २ फूट रुंद, २७.५ इंच उंच. २००६ साली नेवाडातल्या मेस्कीट गावी ‘वर्ल्ड सिरीज ऑफ बियर पाँग’ नावाची स्पर्धा सुरू झाली, तिचं हे माप. विकतची टेबलंही आता बहुतेक याच लांबी-रुंदीची असतात. डार्टमथ कॉलेजात जो मूळ खेळ अजून खेळतात तो वेगळा. तिथे टेबल टेनिसच्या बॅटने चेंडू मारतात, टेबलही खूप मोठं लागतं. तुम्हाला हाताने फेकायचा खेळ खेळायचाय, त्याला २ फूट रुंदी पुरते.

कशी पुरते ते बघा. लाल पार्टी-कपाचं तोंड साधारण पावणेचार इंच. दहा कपांच्या त्रिकोणात मागच्या रांगेत चार कप, म्हणजे १५ इंच. २४ इंचांतून १५ गेले, दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार इंच मोकळे राहतात. त्रिकोणाची खोली साडेतेरा इंच होते. दोन्हीकडचे त्रिकोण काठाला लावले तरी मधे जवळजवळ पावणेसहा फूट मोकळी जागा राहते. खेळाची सगळी गंमत त्या पावणेसहा फुटांत आहे. म्हणून जागा नाही म्हणून ६ फुटी टेबल करू नका. मधलं अंतर पावणेचार फुटांवर येतं आणि मग कोणीही डोळे झाकून चेंडू टाकतो. उंची दोन-अडीच इंच वरखाली झाली तर घरच्या खेळात कोणाला कळतही नाही. हे पुढे पायांच्या वेळी उपयोगी पडेल.

लाकूड

४ बाय ८ फुटी प्लायचा एक पत्रा, अर्धा इंची, एक बाजू गुळगुळीत केलेला. दुकानात ‘सँडेड’ लिहिलेला असतो तो. ‘अर्धा इंच’ हे फक्त नाव, हातात येतो तो बऱ्याचदा १५/३२ भरतो. पाऊण इंची घेण्याचा मोह होईल, नको. वजन दीडपट होतं आणि खाली चौकट असल्यावर त्या जाडीचा काही उपयोग नाही. ओएसबी म्हणजे चिपा दाबून केलेला खरखरीत पत्रा स्वस्त मिळतो, तो तर अजिबात नको. त्यावर चेंडू कुठेही उडतो आणि कडेला पाणी लागलं की तो फुगून बसतो.

पत्रा निवडताना ढिगातला वरचा उचलू नका. दोघांनी मिळून चार-पाच पत्रे बाजूला करा, खालचा घ्या, एका टोकाला डोळा लावून कडेच्या रेषेत बघा. धनुष्यासारखा वाकलेला पत्रा चौकटीवर स्क्रूने ओढून सरळ होईल असं वाटतं, आणि त्या दिवशी होतोही. पण पुढे चौकटच वाकते.

मोठ्या दुकानांत उभ्या करवतीवर पत्रा कापून देतात, थोडे काप बहुधा फुकटच असतात. पत्रा आधी आडवा मधोमध कापून घ्या, मग दोन्ही तुकडे उभे मधोमध. ४ फूट बाय २ फूट असे चार तुकडे मिळतील आणि सेडानची मागची सीट पाडली की आत जातील. प्रत्येक कापात पात्याचं अष्टमांश इंच लाकूड भुश्यात जातं, त्यामुळे तुकडा पूर्ण ४८ बाय २४ भरणार नाही, जरासा कमी भरेल. हरकत नाही, मात्र पुढची सगळी मापं या तुकड्यावरून घ्यायची, कागदावरून नाही.

चारपैकी दोन तुकड्यांचं एक टेबल. उरलेल्या दोनांतून आणखी एक टेबल होतं. एकावर पाँग, दुसऱ्यावर खाणं. दिवाळीत घरी पंचवीस माणसं आली की हे दुसरं टेबल फराळाला उपयोगी पडतं, आणि त्याला बियरचा वास येत नाही.

चौकटीसाठी १ बाय ३ ची पाइनची पट्टी, ८ फुटी, एका टेबलाला पाच नग. हिचंही नाव एक आणि माप दुसरं, प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि अडीच इंच रुंद असते. त्या पट्ट्याही दुकानातच मधोमध तोडून घ्या. दहा तुकडे होतात. चार उभ्या बाजूंना, उरलेल्या सहांतून प्रत्येकी दोन अशा बारा आडव्या पट्ट्या. लागतात दहा, म्हणजे दोन चुकवायला मोकळ्या.

चौकट

टेबलाच्या प्रत्येक अर्ध्याला खालून एक चौकट. दोन लांब पट्ट्या कडेला उभ्या धरून, त्यांच्या मधे आडव्या. आडव्या पट्टीचं माप म्हणजे प्लायची प्रत्यक्ष रुंदी वजा दीड इंच. टोकाला एक, आणि जिथे दोन अर्धे एकमेकांना भिडणार तिथे दोन पट्ट्या गोंद लावून एकमेकींना चिकटवलेल्या. बिजागरी तिथे बसणार आहे आणि एकट्या पाऊण इंची पट्टीवर तो भार टाकायचा नाही. उरलेल्या दोन पट्ट्या प्लायच्या खालून चपट्या लावायच्या, पायांसाठी. त्यांची जागा पाय हातात आल्यावरच ठरवा.

स्क्रूआधी भोक पाडाच. ही पट्टी कडेतून फाटायला टपलेली असते. चौकट जुळवल्यावर गुण्या लावा, शिवाय दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच प्लाय चढवा. वरून गोंद आणि सव्वा इंची स्क्रू, सहा-सात इंचांवर एक. डोकी पृष्ठभागाच्या खाली जातील इतकं भोकाचं तोंड रुंद करा, वर पुट्टी भरा, वाळल्यावर घासा. पुट्टी वाळताना बसते, म्हणून दोनदा भरावी लागते. एकदाच भरली तर प्रत्येक स्क्रूवर एक खळगा दिसतो आणि त्यावर पडलेला चेंडू तिरका जातो.

जोड

या जागी बहुतेकांचं टेबल फसतं, म्हणून जरा थांबून सांगते.

बिजागरी वर लावायची की खाली? वर लावली तर टेबल पुस्तकासारखं मिटतं, खेळायची बाजू आत सुरक्षित राहते. छान वाटतं. पण टेबल मांडल्यावर पाय आहेत दोन्ही टोकांना आणि मधे भार आला, की जोड खाली जायला बघतो. खाली जाताना वरची बाजू आवळते, खालची फाकते. बिजागरी वर असेल तर खालच्या फाकणाऱ्या बाजूला धरायला काहीच नाही, टेबल मधे खचतं. शिवाय बिजागरीची नळी नेमकी खेळायच्या पृष्ठभागावर येते.

म्हणून बिजागरी खाली, चौकटीच्या तळाला. आता मधे भार आला की खालची बाजू बिजागरीने धरलेली आणि वरच्या कडा एकमेकींवर दाबलेल्या. भार वाढेल तसा जोड घट्टच होतो. मिटताना मधला भाग वर उचलायचा, दोन्ही अर्धे पोटाशी पोट लावून मिटतात, पाय आत. खेळायची बाजू बाहेर राहते म्हणून उभं ठेवताना भिंतीकडे जुनी चादर टाका, एवढाच त्रास.

दीड इंची पियानो बिजागरी, म्हणजे अख्ख्या लांबीची एकच सलग बिजागरी, २४ इंच लांबीची घ्या. दीड इंच म्हणजे उघडल्यावरची रुंदी, प्रत्येक पातं पाऊण इंचाचं, चौकटीच्या तळाशी नेमकं बसतं. बसवताना टेबल उलटं सपाट फरशीवर ठेवा, दोन अर्धे घट्ट भिडवून क्लॅम्पने आवळा आणि मगच स्क्रू लावा. आधी बिजागरी आणि मग जुळवाजुळव केली तर वर फट राहते.

एक गोष्ट यातून सुटत नाही. कोणी टेबलाच्या टोकावर दोन्ही हात टेकून झुकला, तर पायांच्या पलीकडचं टोक खाली जातं आणि मधला जोड वर उचलतो, म्हणजे मिटायच्या दिशेने. त्यासाठी जोडाच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या बाहेरून, जुन्या ट्रंकेला असतात तसे ओढून बसणारे खटके लावा. शक्य तितके वरच्या कडेजवळ. हे विसरलात तर पहिल्याच संध्याकाळी दहा कप जमिनीवर येतील.

पाय

लाकडाचे घडीचे पाय घरी करता येतात. बोल्टवर फिरणारे, तिरक्या आधाराचे, इंटरनेटवर आराखडे ढीगभर आहेत. नवशिक्याने करू नयेत. पाइनमधलं बोल्टचं भोक उघडझाप होऊन लांबट होत जातं आणि टेबल डोलायला लागतं. एकदा डोलायला लागलं की नट कितीही आवळा, फरक पडत नाही.

हॉलमधल्या जेवणाच्या घडीच्या टेबलांना असतात ते लोखंडी पाय सुटे विकत मिळतात, दोनाचा संच, मधे कुलूप होणाऱ्या आधारासकट. तुमच्या बजेटमधला सर्वात मोठा खर्च हाच असू द्या. घेताना दोन गोष्टी बघा. एक रुंदी : बरेच संच ३० इंची टेबलासाठी असतात, तुमच्या चौकटीच्या आतलं माप साडेबावीसच्या जरा खाली आहे, त्यात पाय मोकळा बसायला हवा. दुसरी उंची : बहुतेक पाय २८-२९ इंचांचे असतात, टेबल ३० इंचांच्या आसपास जाईल. वर म्हटलं तसं, घरी चालतं. कोणी फारच कुरकुर केली तर त्याला सांगा, टेबल टेनिसचं टेबलही ७६ सेंटिमीटर म्हणजे ३० इंचच असतं.

पायाचा संच बाहेरच्या टोकापासून आठ-दहा इंच आत. त्याच्या दोन्ही पट्ट्या, पायाची आणि आधाराची, जिथे येतील तिथे मघाच्या चपट्या आडव्या पट्ट्या लावा. नुसत्या अर्धा इंची प्लायमध्ये स्क्रू धरत नाही. प्लाय आणि पट्टी मिळून सव्वा इंच जाडी होते, तिथे एक इंची स्क्रू लावा. त्याहून लांब लावला तर त्याचं टोक वर खेळायच्या बाजूला डोकावेल.

टेबलावर कोणी बसायचं नाही, ही अट घालून ठेवा. कप, कोपर, झुकलेला माणूस हे सगळं टेबल सोसेल. दोन पायजोड्या आणि एक बिजागरी यांच्यावर माणूस बसवायचा नसतो.

अंगणात गवतावर मांडणार असाल तर पायांखाली प्लायचे छोटे चौकोन टाका, लोखंडी नळी ओल्या मातीत रुतते. मांडल्यावर एक चेंडू मधोमध ठेवा. तो ज्या बाजूला घरंगळेल त्या बाजूच्या पायाखाली अजून एक चौकोन. खेळाच्या मधे भांडणं होतात ती बऱ्याचदा यावरूनच.

कडा आणि पृष्ठभाग

प्लायचा वरचा थर पाणी सहसा लवकर आत घेत नाही. कड मात्र घेते, कारण तिथे लाकडाच्या उघड्या नळ्या आडव्या कापलेल्या असतात. कप पडतो, बियर काठावरून ओघळते, तिथून आत जाते, थर सुटतात. म्हणून रंगाच्या आधी कडांवर काम करा. कडेतल्या पोकळ्या पुट्टीने भरा, घासा, मग लाकडाच्या गोंदात थोडं पाणी घालून तो पातळ गोंद सगळ्या कडांवर दोनदा चोळा. पहिला हात कड पिऊन टाकेल, दुसरा वर राहील. जोडाच्या दोन्ही कडाही यात आल्या, त्या दिसत नाहीत म्हणून सुटतात आणि ओघळ तिथूनच जास्त जातो. वरच्या धारा पॉलिश पेपरने किंचित मारा. जास्त गोल केल्यात तर जोडाच्या जागी खाच होते आणि चेंडू तिथे अडखळतो.

आता रंग. टीमचं चिन्ह, महाराजांचा झेंडा, काय काढायचं ते काढा. मात्र भिंतीला लावायचा लॅटेक्स रंग नुसता ठेवू नका. तो वाळल्यावरही किंचित चिकट राहतो, गार ओला कप तासभर ठेवला की तळ चिकटतो आणि उचलताना रंगाची गोल चकती घेऊन वर येतो. रंगावर पाण्यात मिसळणारं पॉलीयुरेथेन (पारदर्शक वॉर्निश), चार पातळ हात, प्रत्येक दोन हातांच्या मधे २२० नंबरच्या पेपरने हलकं घासून, धूळ पुसून. तेलातलं पॉलीयुरेथेन जास्त टणक म्हणतात ते खरं आहे, पण ते पिवळं पडतं. नुसत्या लाकडावर तो पिवळेपणा छान दिसतो, पांढऱ्या-निळ्या रंगावर घाण दिसतो. तेलातलं वापरलंतच तर ते पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं, काडी लावायची गरज नसते. फडकी उघडी पसरून बाहेर वाळवा.

खालच्या बाजूलाही दोन हात द्या. याला सगळे कंटाळतात. पण वरून बंद आणि खालून उघडा प्लाय जर्सीच्या उन्हाळ्यातली दमट हवा एकाच बाजूने घेतो आणि वाकतो.

हात वाळला म्हणजे तो पक्का झाला असं नाही. बोटाला दोन तासांत कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे द्यावेत. तुमची पार्टी मेअखेरीस आहे, म्हणजे शेवटचा हात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बसला पाहिजे. पार्टीच्या आदल्या रात्री रंगवलेलं टेबल हा या छंदातला नेहमीचा अपघात आहे.

घरातलं जुनं, फ्रेंच पॉलिश केलेलं टेबल यासाठी वापरू का, असंही काही जण विचारतात. ते पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून चढवलेली असते. अल्कोहोलने बनलेलं ते अल्कोहोलनेच निघतं. बियर सौम्य असते, लगेच निघणार नाही, पण ओल राहिली की पांढरी वर्तुळं उठतात, आणि कोणी व्हिस्की सांडली तर थरच मऊ पडतो. आजोबांचं टेबल आजोबांपाशी राहू द्या.

ईपॉक्सी

पहिल्या टेबलाला नको. हिशेब करून बघा. ८ बाय २ म्हणजे १६ चौरस फूट. त्यावर अष्टमांश इंच जाडीचा थर म्हणजे २८८ घन इंच. एका गॅलनमध्ये २३१ घन इंच असतात. सव्वा गॅलन लागेल, म्हणजे एक गॅलनचा डबा पुरत नाही, आणि प्लायने पिऊन घेण्यासाठी आधीचा पातळ हात वेगळाच. तुमच्या बजेटचा मोठा हिस्सा तिथेच गेला. त्यात तुमचं टेबल घडीचं, म्हणजे दोन अर्ध्यांवर वेगवेगळं ओतायचं, जोडाच्या कडेला पट्टी लावून अडवायचं आणि दोन्हीकडची पातळी सारखी आणायची. पातळीत कागदाइतका फरक राहिला तरी बोटाला लागतो.

ज्यांना तरीही करायचंय त्यांच्यासाठी : खोली ७०-७५ फॅरनहाइट, दोन्ही भाग मोजून घ्यायचे, अंदाजाने नाही, कारण मिश्रण चुकलं तर ते कायमचं चिकट राहतं. डबा खरवडत हळू ढवळायचं, ओतल्यावर वर येणारे बुडबुडे हीट गनने लांबून फोडायचे, एका जागी थांबायचं नाही. हातमोजे आणि मोकळी हवा. ईपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. आणि असं टेबल उन्हात राहिलं की पिवळं पडतं, ते परत पांढरं होत नाही. नाणी, बाटल्यांची बुचं खाली ठेवून वर ओतलेली टेबलं सुंदर दिसतात, यात वाद नाही. बुचं नीट भरून चिकटवलेली नसतील तर मात्र प्रत्येकातून हवा येत राहते आणि रात्रभर बुडबुडे फोडत बसावं लागतं.

भोकं, काठ, दिवे

कपांसाठी भोकं पाडू नका. खेळात कप कमी होतील तसे ते पुन्हा जवळ आणून मांडायचे असतात, भोकांनी ते होत नाही. प्रत्येक भोक म्हणजे पाणी शिरायला आणखी एक कड, वीस भोकांच्या वीस कडा. त्यापेक्षा पॉलीयुरेथेनच्या आधी पेन्सिलीने कपाचं तोंड गिरवून वर्तुळं रंगवा.

सांडलेलं खाली जाऊ नये म्हणून चहूकडे उंच काठ लावण्याची कल्पना प्रत्येकाला सुचते. पण सांडलेलं खाली गेलेलंच बरं. काठ असला की तळं साचतं, फडकं कोपऱ्यात पोचत नाही, शिवाय काठाला आपटून परत आलेला चेंडू धरायचा की नाही यावर वाद.

एलईडीची पट्टी लावा, चौकटीच्या आतल्या बाजूला, बॅटरीवर चालणारी. अंगणात ओल्या गवतावरून १२० व्होल्टची वायर ओढायची नाही.

पुण्यात किंवा मुंबईत करायचं असेल

तिकडेही प्लायचा पत्रा ८ बाय ४ चाच असतो, त्यामुळे हाच आराखडा चालतो. जाडी मिलिमीटरमध्ये सांगा, १२ मिलिमीटर. दुकानदार ‘कमर्शियल’ दाखवेल, तो आयएस ३०३ या भारतीय मानकाचा, ओलाव्यापुरता. या कामाला आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणाऱ्या प्लायचा, शिक्का असलेला घ्या. पृष्ठभागासाठी तर रंगापेक्षा सनमायका उत्तम, १ मिलिमीटरची, मॅट. पाणी, दारू, सिगारेटची राख सगळं पुसून जातं आणि चेंडू छान उसळतो. खालच्या बाजूलाही स्वस्तातली पातळ सनमायका लावून घ्या, नाही तर पत्रा एका बाजूला ओढला जातो. सुतार म्हणेल गरज नाही, तरी लावून घ्या. कडेला लाकडाची लिपिंग पट्टी. इथे अमेरिकेत सनमायकासारखा पत्रा सुटा मिळतो, पण तो कापायचं आणि चिकटवायचं काम ड्रिल आणि टेप असलेल्या माणसाचं नाही, म्हणून तुम्हाला रंग सांगितला.

उसळी तपासायची असेल तर टेबल टेनिसच्या नियमातली कसोटी सोपी आहे : ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू सुमारे २३ सेंटिमीटर वर यायला हवा. मोजपट्टी उभी धरा आणि टेबलावर सात-आठ जागी चेंडू सोडून बघा. आकडा तंतोतंत जुळला नाही तरी चालेल, सगळीकडे सारखा यायला हवा. एखाद्या जागी उसळी मेली तर तिथे प्लाय चौकटीला नीट चिकटलेला नसेल, तिथला स्क्रू आवळा.

खेळताना

कपांत बियर न भरता पाणी भरा आणि प्यायची बियर हातातल्या वेगळ्या ग्लासात ठेवा. चेंडू गवतात, पायाखाली, कुत्र्याच्या तोंडात जाऊन परत कपात पडतो. मोठ्या स्पर्धांतही कपांत पाणीच असतं. टेबलाच्या दृष्टीनेही हे बरं, सांडलेलं पाणी पुसलं की संपलं, बियर चिकटते. पाण्याऐवजी कोकम सरबत भरू नका, पांढऱ्या रंगावरचा तो डाग जात नाही.

तुम्ही यजमान आहात म्हणून एक गोष्ट. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली केली विरुद्ध ग्विनेल या खटल्यात असा निकाल दिला, की पाहुणा गाडी चालवत जाणार हे माहीत असून यजमानाने त्याला झिंगेपर्यंत दारू पाजली आणि त्याने रस्त्यात कोणाला इजा केली, तर नुकसानीची जबाबदारी यजमानावरही येऊ शकते. म्हणजे घरच्या पार्टीतही ही जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. चाव्या दाराशी एका डब्यात ठेवून घ्या, घरी सोडायची किंवा झोपायची सोय आधीच ठरवा. २१ च्या खालचा कोणी, चुलत भाऊ असो की रूममेटचा धाकटा, त्याच्या हाती फक्त चेंडू.

पार्टी संपल्यावर, कितीही उशीर झाला असला तरी, टेबल ओलं मिटू नका. साबणाच्या पाण्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने जोडाची फट आणि खालची बिजागरी पुसा, रात्रभर उघडं राहू द्या, सकाळी मिटा. तळघरात उभं करताना फरशीवर थेट नको, खाली दोन फळकुटं टाका. जर्सीच्या तळघरात पाऊस झाला की पाणी येतंच.